बिळातल्याला हाक मारू नये

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार

साळूच्या नावासमोर आज 'बिळात' अशी पाटी लागली. ना निरोप, ना कारण. कालपर्यंत भाऊबिजेच्या ओवाळणीवरून टिटवीशी भांडत होता गडी! आणि दिवस तरी कोणता निवडावा – आज गोठ्याला नऊ वर्षं झाली.

नऊ वर्षं! दुकान बंद केलं त्या साली भंगारात निघालेल्या तीन कॉम्प्युटरचा एक केला. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करता करता हात बसलेला होता, बाकीचं वाचून, चुकून, जाळून-पोळून शिकलो. त्या मशीनवर ही गप्पांची जागा उभी केली. गोठा. आठ माणसं. म्हणजे आठ जनावरं म्हणायला हवं. मी हेला, म्हणजे रेडा. धुळ्याची मोहिनी टिटवी. पिंपळनेरचा साळू, साळिंदर. बाकीचे इकडचे तिकडचे. सोंग नाही हे. प्रत्येकाला आतून तसंच वाटतं, लहानपणापासून. मी सहा वर्षांचा असताना बापाच्या म्हशींबरोबर डबक्यात बसायचो, नाकपुड्या तेवढ्या वर – तेव्हाच कळलं होतं, मी या बाजूचा. सांगितलं मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि तेही कीबोर्डवर. तोंडानं सांगितलं असतं तर गावानं वेशीबाहेर बांधलं असतं.

सुनंदाला माहीत आहे. तिनं एवढंच म्हटलं होतं, "मला वाटलंच होतं. पंचवीस वर्षं अंघोळीला तासभर लावता."

७ नोव्हेंबर

पाटी तशीच. हाक मारायची नाही. नियम माझाच.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

नियम माझाच, म्हणून आज नीट आठवून पाहिला. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात टिटवीचे वडील गेले. ती दोन दिवस गप्प राहिली तर सगळ्यांनी नुसता धोशा लावला – कुठे आहेस, बोल ना, काय झालं, बरी आहेस ना. मी सगळ्यात पुढे. शेवटी ती म्हणाली, "मला श्वास घेऊ द्या रे." आणि दोन महिने आलीच नाही. परत आली तेव्हा मी नियम केला : ज्याला एकांत हवा त्यानं नावासमोर 'बिळात' लिहावं. जोवर पाटी आहे तोवर कोणी हाक मारायची नाही, त्याच्याबद्दल एकमेकांतही विचारायचं नाही, आठवण काढायची नाही. बाहेर आला की काही झालंच नाही असं वागायचं. सगळ्यांना आवडला. साळूला सगळ्यात जास्त. "हेलाभाऊ, माणसांत हा नियम असता तर मी माणूसच राहिलो असतो," म्हणाला.

आणखी एक रीत पहिल्यापासूनची – वय, जात, नोकरी, घर, काही विचारायचं नाही. साळू पंचवीसचा की पंचावन्नचा, मला ठाऊक नाही. त्याचा हात मात्र जलद. नावांसमोर प्रत्येकाच्या पायाचा ठसा उमटतो तो प्रोग्रॅम त्याचाच. माझ्या हेल्याच्या खुरासाठी त्यानं चार दिवस खर्ची घातले – खूर जरा फाकलेला हवा, चिखलात उठतो तसा, म्हणून.

पंधरवड्याची बिळं आपल्याकडे पुष्कळांनी काढलीत. येईल.

२१ नोव्हेंबर

काल मी आणि सुनंदा जाऊन मत देऊन आलो. बोटाची शाई बघत बसलो होतो. पाटी तशीच.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

साळू आला!

पाटी काढलेली नाही, बोलला नाही. पण मशीन माझं, कोण कधी आलं-गेलं याची नोंद मला दिसते. बघू नये खरं तर. पण बघितली. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्याच्या नावानं गोठा उघडला, पाऊण तास उघडा होता. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

जीव भांड्यात पडला. सुनंदाला म्हटलं, शिरा कर. ती म्हणाली, कोणाच्या नावानं? मी म्हटलं, साळिंदराच्या. केला बिचारीनं. वर म्हणाली, "तुमच्या जनावरांना साखर जरा बेतानं घाला, तुमचीच वाढलीय."

५ डिसेंबर

रोज येतो. रोज दुपारी दोनच्या सुमाराला. येतो, वाचतो, जातो. अक्षर लिहीत नाही. हरकत नाही. कान इकडे आहे एवढं पुरे.

मुद्दाम मी रोज दुपारी काहीबाही लिहून ठेवतो, त्याला वाचायला. आज भरताच्या वांग्यांवर लिहिलं. बाकीचेही भर घालतात. साळूचं नाव कोणी घेत नाही. शहाणी आहेत सगळी.

१५ डिसेंबर, रविवार

इथे पिंप्राळ्यात थंडी कडाक्याची. सुनंदाच्या माहेरी रावेरला केळीची पानं करपल्याचा फोन. आज घरी भरीत, कळण्याची भाकरी. हितेंद्र आणि सूनबाई आले होते. मुलाच्या मते मी या वयात कॉम्प्युटरवर "पोरखेळ" करतो. खेळ तर खेळ. त्याला घरातलं वायफाय बिघडलं की हाच पोरखेळ आठवतो!

एक गोष्ट सारखी टोचते. साळू रात्रीचा जीव. अकराच्या आत कधी उगवला नाही. म्हणायचा, साळिंदर दिवसा दिसलं तर समजावं, त्याचं काहीतरी बिनसलंय. आणि आता रोज दुपारी दोन.

२२ डिसेंबर, रविवार

अपराध लिहून ठेवतो.

कोण आलं-गेलं तेवढंच नाही, कोणतं पान उघडलं तेही नोंदीत असतं. ते कधी बघत नव्हतो. आज बघितलं. आधी तो त्या दिवसाचं ताजं पान उघडतो. ते वरपासून खालपर्यंत. मग जुनं. सहा वर्षांपूर्वीचं – त्यानं स्वतः लिहिलेलं. रोज थोडं थोडं, क्रमानं. आज २०२१ च्या पावसाळ्यापर्यंत पोचलाय. आपलंच लिहिलेलं माणूस असं का वाचतं? मन रमत नसेल तर. किंवा आपण कोण होतो ते विसरत चाललं असेल तर.

टिटवीला एकटीला लिहिलं. नियम मोडूनच लिहिलं, की साळूचं मला ठीक दिसत नाही, विचारू का? लगेच उत्तर. "हेलाभाऊ, मी त्या दिवसांत काय भोगलं ते तुम्हाला माहीत आहे. तो रोज येतोय ना? मग त्याला माहीत आहे आपण इथे आहोत. दाराशी बसा. दार वाजवू नका."

बरोबर बोलली. लाज वाटली मला. आणि नोंदी चाळतो हे तिला सांगायची हिंमतच झाली नाही असं नाही – सांगितलं.  मग म्हणाली, तेवढं तरी बंद करा.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

बारा दिवस नोंदी उघडल्या नाहीत. आज उघडल्या. बाराही दिवस आलेला आहे. दोन, सव्वादोन, दोन. घड्याळ लावावं तसा.

सुनंदाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, आमच्याकडे कोणी चार दिवस ओट्यावर दिसलं नाही तर शेजारीण वाटी घेऊन साखर मागायला जाते. घरात साखर असली तरी. तुमच्यात वाटीच नाही?

मी म्हटलं, आमच्यात वाटी नेणं म्हणजे घुसणं.

"मग राहा बसून चिखलात," म्हणाली. रागानं नाही.

८ जानेवारी

फोन केला. दोन वर्षांपूर्वी त्याला एक जुना कीबोर्ड एसटीच्या पार्सलनं पाठवला होता, त्या कागदावर नाव आणि नंबर आहे. ज्ञानेश्वर, पिंपळनेर. पार्सलवाला हसला होता – मी आधी सवयीनं 'साळिंदर' लिहिलं होतं म्हणून.

फोन बंद. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. तिन्हीदा बंद. आणि दुपारी दोन वाजता गोठ्यात हजर!

म्हणजे आहे. धडधाकट नसेल, पण आहे. फोन नको झालाय त्याला, एवढंच. किती वेळा वाटतं मलाही.

११ जानेवारी, शनिवार

आज वाचून संपलं त्याचं. पहिल्या दिवसापासून नोव्हेंबरच्या पाचपर्यंत, त्यानं लिहिलेलं सगळं. शेवटचं पान उघडून दीड तास तसंच ठेवलं होतं.

मीही ते पान काढून वाचलं. काही विशेष नाही. टिटवीला लिहिलंय, ओवाळणी उधार. मला लिहिलंय, हेलाभाऊ, तुमच्या मशीनचा पंखा आवाज करतोय असं म्हणाला होतात, तेल घाला, नाहीतर एक दिवस झोपेतच जाईल ते.

१२ जानेवारी

आला. नुसतं ताजं पान. चार वेळा उघडलं. दोनला, तीनला, चारला, पाचला. जुनं काही नाही. कशाची तरी वाट पाहतोय.  अहो, रोज दाराशी येऊन उभं राहणाऱ्याला आत कोण ये म्हणणार? बिळात तो बसलाय की आम्ही?

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

ठरवलं. उद्या पिंपळनेर. गोठ्यात जाहीर लिहिलं : नियम मी केला, मीच मोडतो, शिक्षा द्याल ती कबूल. दोघांनी विरोध केला. टिटवीनं मग लिहिलं, धुळ्याच्या स्टँडवर दहा वाजता उभी असेन.

नऊ वर्षांत कोणी कोणाला पाहिलेलं नाही. म्हटलं, ओळखायचं कसं? म्हणाली, जो सगळ्यात सावकाश उतरेल तो हेला.

सुनंदानं तिळगुळाचा डबा भरलाय. वर एक वाटी ठेवलीय, रिकामी. 

साळू दिसला की काय बोलायचं, याची जुळवाजुळव करतोय. रागावेल. रागावू दे. म्हणायचा, हेलाभाऊ, साळिंदराचे काटे टोचायला नसतात, आधी वाजवायला असतात. वाजव बाबा. आवाज तर येऊ दे.

१५ जानेवारी, बुधवार, साक्री स्टँड

गाडी लागायला अजून वीस मिनिटं. गुडघ्यावर वही धरून लिहितोय.

टिटवी खरंच टिटवीसारखी! उंच, बारीक पाय, दोन पावलं टाकते की थांबते. कचेरीत डेटा एन्ट्री करते, आज रजा टाकली. स्टँडवर मला बघून म्हणाली, "शिंगं घरी ठेवून आलात होय?" धुळ्यापासून साक्रीपर्यंत दोघं बोलतोय. पडद्यावर लिहितो त्याच्या निम्मंही तोंडानं जमत नाही, पण बरं वाटतं. तिनं साळूसाठी ओवाळणीचं ताट आणलंय, पिशवीत. म्हणाली, उधारी वसूल करून मगच ओवाळणार.

सव्वाबारा झाले. दोनच्या आत पोचू. तो मशीनपुढे बसलेलाच सापडेल.

१६ जानेवारी, गुरुवार

साळू चौदा नोव्हेंबरलाच गेला. ऑपरेशन होतं, कोणाला घोर नको म्हणून पाटी लावून गेला होता. चौतीस वर्षांचा.

दुपारी दोन वाजता यायची ती त्याची आई. पुष्पाबाई. चौथी शिकलेली, एक एक अक्षर लावून वाचते. बटण दाबलं की त्याच्या मशीनवर गोठाच उघडतो. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवसापासून ती बसू लागली. लिहायचं कसं ते तिला येत नव्हतं.

म्हणाली, "मना पोऱ्या कोठे शे, आसं कोन्ही तरी इचारी, म्हनीसन रोज देखू मी, भाऊ. वांगास्नं वाचं. थंडीनं वाचं. त्यानं नाव काही कोन्ही लिधं नही."