चोवीस तास हात लावायचा नाही

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
सासूबाई घरात पाय घसरून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. ही एक बातमी. २३ तारखेला त्या आमच्याकडे तीन महिने राहायला येणार, ही दुसरी.

डॉक्टरांनी बायकोला यादी दिली आहे. खुर्चीवर बसून अंघोळ करता येईल असा खाली शॉवर, गरम पाणी, कोरडी जमीन. आमच्या बाथरूममध्ये यातलं एकही नाही. बेसिनचा नळ ठिबकतो, फ्लश तीनदा दाबावा लागतो, आणि शॉवरमधून पाणी येतं ते समोरच्या भिंतीवर.

ही म्हणाली प्लंबर बोलावू. मी म्हणालो, मी काय मेलोय? ती यादी घेऊन आत गेली. पटलं असावं.

बारा वर्षांपूर्वी सासूबाईंच्या घरी मी पडद्याची दांडी बसवली होती. ती तिसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या खांद्यावर पडली. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या की जावईबापू, तुम्ही आपले बसून राहा. बारा वर्षं मी त्यांच्याकडे बसून आहे. आता पुरे.

संकल्प: संपूर्ण बाथरूम मी स्वतः करणार. सासूबाईंच्या तोंडून 'जावयानं केलं' हे ऐकणार.

३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.३०
पाना आणला. वॉशर आणले. आट्यांवर गुंडाळायची पांढरी टेप आणली. एक सीलंटची ट्यूबही घेतली, दुकानदार नको म्हणत होता तरी.

सुरुवात बेसिनच्या नळापासून. वॉशर बदलला, टेप गुंडाळली, आवळलं. नळ आधी थेंब थेंब गळत होता, आता सलग गळतो. पण सीलंटच्या ट्यूबवर स्पष्ट लिहिलं आहे, 'काम झाल्यावर चोवीस तास हात लावू नये.' सीलंट मी वापरलेलं नाही, पण नियम चांगला आहे. सगळ्यांनाच लागू करायला हवा. घरात जाहीर केलं, कुणीही हात लावायचा नाही.

हिने विचारलं की उद्या ऑफिसला किती वाजता निघणार. हल्ली माझी काळजी जास्त घेते.

४ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ६.४५
नळ ठणठणीत कोरडा!

चोवीस तासांच्या आतच. मुलीला बोलावून दाखवला. ती कॉलेजात शिकते, पण अशा गोष्टी कॉलेजात शिकवत नाहीत. तिने ओठ घट्ट मिटून मान हलवली आणि लगेच तिच्या खोलीत गेली. भारावली असावी.

प्लंबर लोक घाई करतात, तिथेच चुकतं. पाण्याला वेळ द्यावा लागतो.

९ फेब्रुवारी, रविवार
फ्लशची टाकी उघडली. आतले भाग काढून ओळीने मांडले. परत बसवल्यावर दोन उरले. कंपन्या उगाच जास्तीचे देतात. पाणी अखंड वाहतंय. हात लावलेला नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
फ्लश एकदा दाबला की काम फत्ते. उरलेले दोन भाग मात्र सापडत नाहीत.

बेसिनखाली एक मोठा लाल दांड्याचा पाना दिसला. असा पाना मी घेतला होता हे पार विसरलो होतो. एकदा कामात शिरलं की असं होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार
लाल पाना गायब. मीच कुठेतरी जपून ठेवला असणार. स्वयंपाकघरात दांडी तुटलेला एक कप वेगळा धुऊन ठेवलेला असतो. विचारलं तर ही म्हणाली, असू दे, लागतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत माझ्या पद्धतीवर थोडं बोललो. सगळे मन लावून ऐकत होते, निदान जेवत होते. घरी येताना खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनाही जिन्यात गाठलं. त्यांचाही नळ गळतो. म्हणालो, मी येऊन बघतो. मास्तर हात जोडून म्हणाले, कशाला तुम्हाला त्रास. भला माणूस आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार
सिंकखालचा पाइप बदलला. स्वयंपाकघरात पाऊल बुडेल इतकं पाणी. चोवीस तास जाहीर केले.

हिने हात टेकले असं वाटलं, पण नाही, उलट गोड बोलून मला केस कापायला पाठवलं. आठ दिवसांपूर्वीच कापले होते, न्हावीसुद्धा चक्रावला. तिथून तिचा फोन, की तसंच तुझ्या चुलतभावाकडेही जाऊन ये, बऱ्याच दिवसांत गेला नाहीस. या चुलतभावाचं नाव काढलं तरी एरवी नाक मुरडते. चार तासांनी आलो तर जमीन कोरडी, सिंक कोरडं.

चार तासांत! माझा हात आता बसला आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार
ही आईला आणायला गेली. रविवारी दोघी येतील. निघताना तीनदा बजावलं की मी येईपर्यंत शॉवरला हात लावू नकोस. मुलीला आत नेऊन काहीतरी वेगळं सांगितलं.

हात न लावता शॉवर खाली कसा येईल? येताच सासूबाईंना कोरडं, गरम पाण्याचं बाथरूम दिसलं पाहिजे. उद्या रजा टाकली आहे.

मुलीने दोनदा विचारलं की बाबा, तुम्ही नक्की ऑफिसला जाणार नाही का. पोरीचा चेहरा उतरला होता. बाप घरी असण्याची सवय नाही तिला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६.००
काम पूर्ण. शॉवर खाली आला. भिंतीतला आटा फिरत नव्हता, मग पान्यावर उभा राहिलो. आतून कट असा आवाज आला, म्हणजे घट्ट बसला.

गिझरची नळीही बदलली. शॉवरला अजून गार पाणी येतंय. मुलगी म्हणते, फ्लश दाबला की कमोडमधून वाफ येते. हे आपोआपच निर्जंतुक होणार. आजारी माणसासाठी उत्तम. मला सुचलं नव्हतं, पण झालं ते चांगलंच.

भिंतीतून थोडं पाणी येतंय. चोवीस तास.

यावेळी एक संधी आहे. नेहमी मी घराबाहेर असतो, त्यामुळे गळती नेमकी कधी थांबते याची नोंद झालेली नाही. उद्या सकाळी बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून बसणार.

२२ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी
७.०० मिनिटाला चाळीस थेंब.
७.३० मिनिटाला सत्तर.
८.१५ थेंब मोजता येत नाहीत. धार आहे.
८.४० धार जाड झाली. थांबण्याआधी असं होत असावं. पूर्वी कुणी बसून पाहिलेलं नाही.
९.०५ मास्तर वर आले. त्यांच्या पलंगावर छतातून पाणी पडतंय. मी घड्याळ दाखवलं, अजून नऊ तास आहेत, तोवर पलंग सरकवा. ते दारातच उभे राहिले. मला त्यांचं वाईट वाटलं, पण पद्धत म्हणजे पद्धत.
९.१० मुलगी म्हणाली, बाबा, आता पुरे. तिने फोन लावला. स्क्रीनवर नाव दिसलं. 'बाबांनंतर'. मला वाटलं विम्याचा माणूस.

२२ फेब्रुवारी, दुपारी ३.३०
तो प्लंबर होता.

आला, चप्पल काढली, कुणालाही न विचारता वॉशिंग मशीनमागे हात घालून मेन कॉक बंद केला. मला तो कॉक तिथे आहे हे माहीत नव्हतं. मुलीने न सांगता चहा टाकला आणि दांडी तुटलेल्या कपात दिला. त्याच्या पिशवीतून लाल दांड्याचा पाना डोकावत होता.

मी विचारलं, तुम्ही आधी कधी आलात का इथे? तो माझ्याकडे जरा संकोचून बघत म्हणाला, "साहेब, तुमचं काम लगेच ओळखू येतं. तुम्ही टेप उलटी गुंडाळता. नळ आवळला की ती सुटत जाते. तीन वेळा मीच काढलीय."

नळ. फ्लश. सिंक. म्हणजे तिन्ही.

वाईट वाटलं. हिने लपवलं याचं तितकं नाही. तो पहिला नळ मी केलेला नव्हता, याचं वाटलं. त्या संध्याकाळी मी तीनदा उघडून बंद करून बघितला होता.

भिंतीतल्या पाइपचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, फुटला आहे, टाइल फोडावी लागेल. गिझर मी फ्लशला जोडला होता. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. मास्तरांच्या छताचंही बघतो म्हणाला.

नीट विचार केल्यावर लक्षात आलं, गेले तीन आठवडे आम्ही दोघं मिळून काम करत होतो, फक्त मला कळवलेलं नव्हतं. आज मी त्याला टेप धरून दिली. सरळ.

२३ फेब्रुवारी, रविवार
दोघी आल्या. टाइल सकाळीच बसली. सासूबाईंनी खुर्चीवर बसून निवांत अंघोळ केली. पाणी गरम, जमीन कोरडी. बाहेर आल्यावर विचारलं, हे कुणी केलं. मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, यांनीच.

मी हिच्याकडे बघितलं. तिने टॉवेलाची घडी घातली.

सासूबाईंनी माझा हात धरला. "जावईबापू, तुम्हाला बसून राहा म्हणाले होते ना, ते मागे घेते."

डोळ्यांत पाणी आलं. बारा वर्षांनी. खरं सांगणार होतो, पण ऑपरेशन झालेल्या माणसाला धक्का देऊ नये.

२४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.००
सासूबाईंनी सकाळी सकाळी धाकट्या बहिणीला फोन केला. त्यांचंही बाथरूम करायचं आहे. पूर्ण. मावशींना मी येत्या रविवारी येतो असा शब्द सासूबाईंनी परस्पर दिला आहे. मावशींना गुडघ्यांमुळे घराबाहेर पडता येत नाही. त्या दिवसभर खुर्ची टाकून माझं काम बघणार आहेत.

चोवीस तास मिळणार नाहीत. एक तासही नाही.

ऑफिसच्या जिन्यात जाऊन प्लंबरला फोन केला. आवाज जरा अधिकाराचा ठेवला. म्हणालो, रविवारी माझं एक मोठं काम आहे, तुम्ही माझे मदतनीस म्हणून या. बहुतेक काम तुम्ही करा, मी शेजारी उभा राहून सूचना देईन. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. पत्ता विचारला. वेळ विचारली. मग म्हणाला, वहिनींना विचारून कळवतो, त्या हो म्हणाल्या तर येईन.