काळ्या पानांच्या सहा कुंड्या

मी, किसनराव नत्थुजी भुयार, वय चौऱ्याहत्तर, धंदा फुलझाडांची रोपे, राहणार नांदगाव पेठ, जिल्हा अमरावती, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. घरच्यांचे मत वेगळे आहे.

१. राहते घर व मागची रोपवाटिका मुलगा गोपाल याला. हिरवी जाळी फाटली की लगेच बदलावी, टाके घालत बसू नये.

२. कात्री, खुरपी, कलमाचा चाकू रोपवाटिकेतला गडी श्रावण याला. वीस वर्षे धार त्यानेच लावली.

३. माझ्या ठेंगण्या अननस-लिलीच्या फुलावर अननसासारखा शेंडा असतो, फळ नसते. तरी शेजारी खुशालराव दरवर्षी विचारतात, अननस कवा लागते? गोपालने त्यांना बाजारातले एक आणून द्यावे व विषय संपवावा.

४. या लिलीचे तीन कंद माझी पत्नी रुख्मिणी हिने अमरावतीच्या कॅम्प भागातल्या एका बंगल्यातून पदरात बांधून आणले. वीतभर झाड, पाने काळपट जांभळी. सावलीत ती हिरवी पडतात, म्हणून रुख्मिणी सकाळच्या उन्हामागे कुंड्या सरकवत असे. हिवाळ्यात पाने जातात, नुसती माती दिसते.

ती गेली त्या पौषात मुलगी रागिणी अकोल्याहून आली. तेरवीसाठी अंगण आवरताना झाडे मेली समजून तिने कुंड्या उकिरड्यावर रित्या केल्या. मी पाहुण्यांसमोर म्हणालो, "माय गेली, आता तिचं झाडबी फेकलं तुनं. या घरात पाय नोको ठेवू." तिने ठेवला नाही. सात वर्षे झाली.

पुढच्याच चैत्रात उकिरड्यावर तीन काळे कोंब आले. ताईले सांगू काय, असे गोपालने विचारले. मी नाही म्हणालो. चूक माझी, हट्टही माझाच.

तीन कंदांच्या आता सहा कुंड्या झाल्या. सहाही रागिणीला. दिवाळीनंतर पाणी घालू नये, कंद सडतात. अट एकच, न्यायला तिने स्वतः यावे.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात, असे वकील म्हणाले. माझ्याने तेवढे थांबवत नाही. याची नक्कल आजच स्पीड पोस्टाने अकोल्याला पाठवतो आहे. रागिणी, कुंड्यांत सध्या काही दिसणार नाही. तरी आताच ये. मला तू दिसायला हवी आहेस.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

किसनराव नत्थुजी भुयार

आमच्या देखत सही झाली:
१. देवराव सखाराम इंगोले
२. सुंदराबाई महादेव चौधरी

नांदगाव पेठ, ९ जानेवारी २०२६