उरली तर जागा

मखमलाबाद, नाशिक
५ जानेवारी २०२५

ति. आक्का यांना,
सुवर्णाचा शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेच. आपल्या निकिताला विमान तपासायचं लायसन्स मिळालं. आता तिने सही केल्याशिवाय विमान हलणार नाही! तुमचे भाऊ ओझरच्या कारखान्यात जन्मभर विमानं जोडत राहिले, बसले मात्र कधी नाही. बातमी कळली तेव्हा सवयीने फाटकाकडे बघितलं. कारखान्याची बस यायची वेळ होती.

२७ तारखेला हैदराबादला कंपनीचा कार्यक्रम आहे. आई-वडील स्टेजवर जाऊन मुलांच्या खांद्यांवर पट्ट्या लावतात. एकीकडे आई, दुसरीकडे वडील. निकिता म्हणते, बाबांच्या जागी आत्या. तिच्या नोकरीमुळे आपल्या दोघींना अगदी स्वस्तात तिकीट मिळतं. अट एवढीच, की सगळे प्रवासी बसल्यावर जागा उरली तर आपण, नाहीतर घरी परत. येता ना?

घरात सगळ्यांना यथायोग्य. माया आहेच, ती वाढती असू द्या.
तुमची,
सुवर्णा


सटाणा
१३ जानेवारी

चि. सुवर्णास,
लंकाबाईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून सगळ्या आळीला पेढे वाटले. पोरीचं नाव बारशाला मीच ठेवलं होतं, हेही प्रत्येकाला ऐकवलं. पण बाई, उरली तर जागा हे काय? आपण काय लग्नातले आगंतुक आहोत? प्रफुल्लला सांगते, तो दोघींची पुऱ्या भावाची तिकिटं काढून देईल. तो मेला चेष्टा करतो, की आई, तुला टपावर बसवतील. मी म्हटलं, जीपच्या टपावर बसून मालेगाव केलंय मी, तुझं विमान काय घेऊन बसलास!

कांदा काढायला आलाय, तरी येते. पोर आपली शे.

काळजी घे, वेळेवर जेव.
तुझी,
आक्का


मखमलाबाद
१८ जानेवारी

ति. आक्का,
नमस्कार.

पुऱ्या भावाचं तिकीट नको. ही पोरीने नोकरी करून मिळवलेली जागा आहे. तिच्या बापाने घरासाठी पुष्कळ मिळवलं, पण कारखान्यातून आकाशात नेणारी जागा कधी मिळाली नाही. आता मिळतेय तर मी तिच्यावरच बसणार, उरलेली असली तरी. २६ला सकाळी ओझरला थेट विमानतळावर या.

तुमची हट्टी,
सुवर्णा


हैदराबाद
२८ जानेवारी

ति. आक्का,
शि. सा. नमस्कार.

तुम्ही सुखरूप घरी पोचलात, असं प्रफुल्लने कळवलं. आता माझं भांडण ऐका. कागदावर तरी ऐकावंच लागेल. काउंटरवरच्या मुलीने एकच जागा उरलीय असं सांगितलं, तेव्हा मी तुम्हाला जा म्हणत होते. भाऊ तुमचा, वयाने मोठ्या तुम्ही. आणि तुम्ही काय केलंत? कानाचं मशीन काढून पिशवीत टाकलंत आणि डोळे मिटून बसलात! मी ओरडले तर सगळा विमानतळ बघायला लागला, तुम्ही ढिम्म. शेवटी ती मुलगी म्हणाली, मावशी, दार बंद होतंय. मग निघाले.

विमान उठलं तेव्हा खाली कारखाना दिसला. इतकी वर्षं डबा भरून दिला, पण ती छपरं मी कधी पाहिली नव्हती. दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

काल बाकीच्यांचे आई-वडील जोडीने वर गेले. मी एकटी गेले. डाव्या खांद्यावर पट्टी लावली. उजवीकडे वळले तर निकिताने माझा हात धरला आणि ती पट्टी स्वतःच्या खिशात ठेवली. साहेब म्हणाले, लावा की ताई, फोटो काढायचाय. पोरीने शांतपणे सांगितलं, की सर, ही घरी लागणार आहे. मग तशीच, एक खांदा मोकळा ठेवून, सगळ्यांच्या मधोमध फोटोला उभी राहिली. मान अशी ताठ, की मला ओझरच्या गेटातून बाहेर पडणारे तुमचे भाऊच दिसले.

शनिवारी ती युनिफॉर्म घालून सटाण्याला येतेय. आळीला बोलावून ठेवा.

लोभ तुमचा दांडगा आहे, तो तसाच राहू द्या.
तुमची,
सुवर्णा