कोळ्याचा पत्ता

इंताग खोरे, ९ ऑगस्ट

प्रिय एफ्राइन,

तू आणि मुलं बरी असाल. इकडे आईचं डायलिसिस चालू आहे. ओतावालोच्या रुग्णालयापर्यंतची बस तिला सोसत नाही. परतली की न जेवताच झोपते. कॉफी यंदा बरी आहे.

उड्या मारणाऱ्या कोळ्याचं वर्णन पूर्ण झालं. नुसती जात नव्हे, जातीवरचा गट, जीनसच नवा ठरला. म्हणजे नावाबरोबर आडनावही नवं द्यावं लागलं. तांदळाच्या दाण्याएवढा प्राणी. 'पुढचे पाय टोकाला पांढरे, केसाळ' एवढंच मी लिहिलं आहे. मादी दिसली की तो ते पाय उंचावून डोलतो, आणि पेन्सिलीचं टोक दिसलं तरी डोलतो, हे लिहिलेलं नाही.

नमुन्याच्या बाटलीत, स्पिरिटमध्येच, एक चिठ्ठी बुडवून ठेवायची असते: कुठे सापडला, कुणी पकडला. त्या चिठ्ठीशिवाय नमुना म्हणजे नुसता मेलेला किडा.

तू रविवारी म्हणालास, "नुबिया, बाई, उड्या मारतो ना तो? मग मार म्हणावं एक उडी नदीपलीकडे! तिकडचा पत्ता टाक. कुणाचं काय जातंय?" आपण दोघंही हसलो, पण तू थट्टा करत नव्हतास. फक्त आपल्याच मळ्यात सापडणारा जीव निघाला, तर तिथे खाणीला परवानगी मिळणार नाही, आणि मळा घेणारी खाण कंपनी व्यवहार सोडणार. आणि मळा विकला नाही, तर आईला रुग्णालयाजवळ घर नाही.

मी नदीपलीकडे गेले होते. पडतील ते कोळी झेलायला खाली उलटी छत्री धरून झाडं झोडपली. तिथे तो मिळाला असता, तर तुझं म्हणणं आपोआप खरं झालं असतं. मिळाला नाही. आपल्या स्वयंपाकघरामागच्या ग्वाबाच्या शेंगांच्या झाडावर मात्र आहे.

आईला विचारलं. "मी मरते बसमध्ये, तू बस किड्यांचे पाय मोजत! एफ्राइन सांगतो तसं कर." तिचं चुकत नाही. तुझंही नाही. माझं हे तत्त्व आहे, हट्ट आहे, की नव्या नावापुढे स्वतःचं नाव छापून यावं ही हाव, याचं उत्तर मला रोज वेगळं येतं.

मंगळवारी चिठ्ठीवर आपल्या मळ्याचं नाव लिहिलं आणि वर्णनाचा लेख नियतकालिकाकडे पाठवून दिला.

रागावलास तरी शनिवारी आईला डायलिसिसला न्यायला ये. तिला अजून सांगितलेलं नाही. आज ती विचारत होती, नव्या घरी कोंबड्या ठेवता येतील का.

मी म्हणाले, "येतील."

आईपुढे खोटी ठरणारी तुझी बहीण,
नुबिया