दुबईले नाई म्हटलं

लीड्स, एप्रिल २०२३

प्रिय बाबा, सप्रेम जयभीम.

मी बरी हाओ, जेवण वेळेवर करतो. अल्लीपुरात ऊन तापलं असंन.

इथं इंग्लंडात सरकारनं यंदा मोठ्या पगारवाल्यांचा कर वाढवला. त्यात मीबी आली. माझ्यासंगची डॉक्टर चिडून दुबईले चालली. "तिथं पगारावर करच नाई, तूबी चल," म्हणे. तिनं माझ्या नोकरीचंबी पक्कं केलतं.

लय विचार केला, मंग नाई म्हटलं. माझ्या पाठचा आपला रुपेश लहानपणी वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात वाचला, तो कोणाच्या तरी कराच्या पैशानंच ना? माझ्या इथल्या सरकारी वार्डातबी तसेच लेकरं येतात.

आईचे गुडघे कसे हायेत? दुबईहून मले दर दोन महिन्यांनी घरी येता आलं असतं, हे मात्र तिले सांगू नका.

तुमची,
मेघा