न आलेल्यांचा खण

सोमवार, १ सप्टेंबर
दुकान, भर दुपार

प्रिय गोली,

अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल, प्रयोगशाळेत कामाचा ढीग नेहमीसारखाच असेल आणि तू उभ्याउभ्याच जेवण उरकत असशील, असं धरून चालते. इकडे सगळं क्षेम. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. बाकी मी इथे अगदी सुखात आहे. आहे त्या घरात, आहे त्या दुकानात, मजेत. कुठे जायचा किंवा काही बदलायचा विचार नाही.

शनिवारी फोनवर तू विचारलंस, "आई, नवीन काही?" मी म्हटलं, "काही नाही." तू जरा थांबलीस आणि म्हणालीस, "मावशी तर वेगळंच सांगत होती." तेव्हा मी गिऱ्हाईक आलंय असं सांगून फोन ठेवला. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. तुझ्या मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला जन्मापासून ठाऊक आहे, तरी तिने तुला नेमकं काय आणि किती सांगितलं ते ठाऊक नाही. म्हणून हे पत्र. पत्राचा एक फायदा असा की तुला मध्ये बोलता येत नाही.

आधी दुकानाचं सांगते. काल ट्रान्सफरची, म्हणजे खेळाडूंनी क्लब बदलायची, मुदत संपली. गेले दोन-तीन महिने पेपरांनी ज्या ज्या खेळाडूंना आपल्या क्लबात आणून बसवलं होतं त्यांतले दोन आले, बाकीचे हवेत विरले. तुझी ती मैत्रीण, जिला अफवा वाचणं हे कुणाचं काम असू शकतं हे खरंच वाटत नाही, तिला हा भाग वाचून दाखव. पुढचा नको. तिला सांग, आमचं दुकान मैदानाच्या फाटकासमोर आहे आणि आम्ही शर्टांच्या पाठीवर खेळाडूंची नावं गरम प्रेसखाली चिकटवून देतो. नवा खेळाडू आला की त्याच दिवशी लोक रांग लावतात, पण अक्षरं मागवली तर यायला आठवडा लागतो. म्हणजे खेळाडू येणार हे तो यायच्या आधी आम्हाला कळायला हवं. क्लब तर ताकास तूर लागू देत नाही. मग उरतो पेपर. आणि पेपर वाचायचा म्हणजे तांदूळ निवडायचे, फक्त इथे तांदूळ कमी आणि खडे जास्त.

तुझ्या बाबांनी घालून दिलेले नियम मी अजून पाळते. 'चर्चा आहे' असं छापलेलं असेल तर ती चर्चा बातमीदार आणि त्याचा चहाचा कप यांच्यात झालेली असते. 'निकटच्या सूत्रांनुसार' म्हणजे खेळाडूच्या दलालाला त्याचा पगार वाढवून हवा आहे. विमानतळावर दिसला म्हणजे सुट्टीला निघालाय. क्लबने इन्कार केला की कान टवकारायचे, दोनदा इन्कार केला की अक्षरं मागवायची. आणि खेळाडू स्वतः म्हणाला की मी इथे अगदी सुखात आहे, कुठे जायचा विचार नाही, तर त्याने बॅगा भरून दाराशी ठेवल्या आहेत असं समजायचं. या सगळ्यावर बाबांचं एक कुलूप होतं: नवा शर्ट हातात धरून काढलेला फोटो दिसेपर्यंत काही खरं नाही.

हे लिहून झाल्यावर नजर वर गेली आणि पहिला परिच्छेद पुन्हा वाचला. तुझ्या तर ते आधीच लक्षात आलं असेल. असू दे. खोडत नाही.

यंदाचा घोटाळा ऐक. तुझे बातमीकाका तुला आठवतात. पलीकडच्या कोपऱ्यावरच्या पेपरात खेळाचं पान लिहितात, आणि तू दुसरीत असताना तूच त्यांना हे नाव ठेवलंस. बाबा होते तेव्हापासून संध्याकाळी आपल्याकडे चहाला थांबायचा त्यांचा नेम आहे. बाबा त्यांच्याशी रोज भांडायचे आणि रोज त्यांची वाट बघायचे. तुमच्या एकेका बातमीने माझा खण भरलाय, म्हणायचे. तो खालचा मोठा खण, ज्यात मागवलेली आणि कधीच न लागलेली अक्षरं पडून असतात. त्याला 'न आलेल्यांचा खण' बाबाच म्हणायचे.

तर जुलैत बातमीकाकांनी लिहिलं की दुसऱ्या एका क्लबातल्या डावखुऱ्या खेळाडूबद्दल चर्चा आहे. नुसती चर्चा, म्हणजे काहीच नाही. पण मला त्याच दिवशी प्रेसची आच तपासायची होती आणि त्याला कुठलं तरी नाव लागणार. पेपर समोरच पडला होता. खणातली सुटी अक्षरं घेतली, डावखुऱ्याचं नाव एका जुन्या शर्टावर चिकटवलं आणि गार व्हायला खिडकीत टांगून वर जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मथळा: 'डावखुरा येणार, शर्टही तयार; अत्यंत विश्वसनीय सूत्रांची माहिती'. मी म्हटलं, हा माणूस 'चर्चे'वरून एका उडीत 'अत्यंत विश्वसनीय'वर आलाय, म्हणजे पाणी मुरतंय. दुपारी क्लबने इन्कार केला. संध्याकाळी पुन्हा केला. दोनदा झाला की नाही? नियमाप्रमाणे मी पेटीभर अक्षरं मागवली.

बातमीकाका चहाला आले ते छाती फुगवून. "वाचलीत का बातमी?"

"वाचली, अक्षरंही मागवली. पण तुम्हाला कळलं कुठून?"

"सूत्र सांगायचं नसतं."

"माझ्या दुकानात माझा चहा पिऊन माझ्यापासूनच लपवता?"

तेव्हा ते कप खाली ठेवून म्हणाले, "तुमची खिडकी. म्हटलं, क्लबने सांगितल्याशिवाय तुम्ही नाव कशाला छापाल?"

"मी तर तुमच्या पेपरातून उचललं."

मी त्यांच्यावर विसंबले, ते माझ्यावर, आणि मध्ये कुणीच नव्हतं. आधी त्यांना हसू फुटलं की मला ते सांगता येणार नाही. मी इतकी हसले की प्रेसचा आधार घ्यावा लागला. ती बंद होती म्हणून हात वाचला. डावखुरा काही आला नाही. त्या बातमीच्या जोरावर त्याला जुन्याच क्लबात पगारवाढ मिळाली म्हणतात. त्याने निदान आम्हाला चहा तरी पाजायला हवा होता.

त्या हसण्याचा आवाज जिन्यात गेला आणि जिन्यात तुझी मावशी होती. तिथून आपल्या घरातली निकटची सूत्रं कामाला लागली.

मग पेटी आली. खण आधीच ओसंडत होता, त्यात ही भर. बातमीकाका म्हणाले, चूक दोघांची तर आवराआवरही दोघांची. रोज संध्याकाळी पेपरातलं काम उरकून यायचे आणि आम्ही खण जमिनीवर रिकामा करून बसायचो. मावशी विचारत होती म्हणे, की दार लोटून दोघं करतात तरी काय. आम्ही 'क' वेगळे आणि 'र' वेगळे करत होतो. हातात एखादं अक्षर आलं की ते सांगायचे, हा त्या गोलरक्षकाचा, ज्याला मी तीन वर्षं आणत होतो. मग त्याची गोष्ट. बाबांचीही गोष्ट निघायची, त्याशिवाय एकही संध्याकाळ गेली नाही. आयुष्यभर बातमीकाकांनी दुसऱ्यांच्या बदल्या लिहिल्या, स्वतः मात्र एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेले नाहीत.

(मध्ये खरंच गिऱ्हाईक आलं. आता पुन्हा लिहायला घेतलंय. आता लांबण लावत नाही.)

मागच्या सोमवारी मी त्यांना दुकानात बसवून बँकेत गेले. परत आले तर आत करपल्याचा वास. काउंटरवर एक शर्ट, बाही भाजलेली, आणि पाठीवर न आलेल्या खेळाडूंच्या अक्षरांत, निरनिराळ्या मापांत, उतरणीला लागल्यासारखं तिरकं लिहिलेलं: 'माझ्याशी लग्न कराल'.

मी कितीतरी वेळ वाचत राहिले. एवढ्याशा ओळीला तसा काही वेळ लागत नाही.

ते म्हणाले, "शेवटी प्रश्नचिन्ह हवं होतं. खणात मिळालं नाही."

मी म्हटलं, "मिळालं असतं तरी तुम्ही लावलं नसतं. बातम्यांत कधी लावलंत? आणि हिचं सूत्र कोण?"

"सूत्र नाही," ते म्हणाले, "ही मी स्वतः दिलेली पहिलीच बातमी आहे."

मी चहा टाकला. साखर दोनदा घातली गेली, ते मुकाट्याने प्यायले. मग मी त्यांना सांगितलं की गोलीला विचारल्याशिवाय सही नाही. त्यांनी विचारलं, मुदत काय? मी म्हटलं, मुदत नाही. तेव्हापासून रोज येतात, चहा पितात, आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. पण माणसाचं लक्ष ठिकाणावर नाही. परवा त्यांनी जिंकलेल्या संघाला छापून हरवलं, काल खुलासा आलाय.

गोली, आता आडवळण पुरे. मला हे हवं आहे. बाबा गेल्यावर मी हसले नाही असं नाही, पण मी का हसते ते समजून माझ्याबरोबर हसणारं कुणी नव्हतं. आता आहे, आणि संध्याकाळ झाली की मी नवी नवरी असल्यासारखी केस नीट करते, ते तुझ्या मावशीने पाहिलंय. बाबांची जागा कुणाला द्यायची नाही. बाबांना त्यांचं लिहिणं पटायचं नाही, माणूस पटायचा, हे तुलाही माहीत आहे. तरी तुझे बाबा तुझे आहेत, आणि तुला न पटायचा हक्क आहे. तुला नाही पटलं तर मी रागावणार नाही. वाईट मात्र वाटेल, खोटं कशाला बोलू.

या पत्राबरोबर पार्सलात एक शर्ट आहे. त्याची पाठ कोरी आहे. तू लहानपणी स्टुलावर उभी राहून प्रेस दाबलीस आणि बाबांच्या शर्टावर वाकडंतिकडं 'बाबा' चिकटवलंस. तो शर्ट बाबांनी प्रत्येक सामन्याला घातला. तो तुझ्या कपाटात आहे आणि तिथेच राहणार. त्या नावाचा दुसरा शर्ट या दुकानात कधी निघणार नाही, ही माझी जबाबदारी. हा कोरा शर्ट त्यांच्यासाठी आहे. त्यांना काय म्हणायचं ते तू ठरवायचंस. 'बातमीकाका' बसतं, मी अक्षरं मांडून पाहिली आहेत. दुसरं काही सुचलं तर तेही चालेल, खणात सगळं आहे, प्रश्नचिन्ह सोडून.

मनाला पटलं तर सुट्टी काढून शर्ट घेऊन ये. प्रेस तू दाबायचीस. मग आम्ही दोघं तो हातात धरून उभे राहू आणि फोटो तू काढायचास. तोवर मावशीने काहीही सांगितलं तरी अधिकृत काही नाही. आणि नाहीच पटलं तर कोरा शर्ट घरात घालायला ठेव. मला काही लिहू नकोस, मी समजेन.

पहिल्या परिच्छेदातलं बाकी सगळं मागे घेते. सुखात आहे, एवढं मात्र खरं होतं.

कुठल्याही क्लबात गेली तरी तुझीच,
आई