सात वर्षांत खबर नाही

गारखेडा, शुक्रवार

प्रिय रामकिसन,

नाव घेतलं म्हणून रागावू नका. सात वर्षं पोलीस ठाण्यात, बँकेत, तुमच्या शेंद्र्याच्या कंपनीत तुमचं नाव सांगून सांगून जीभ सरावली. आता वकील आप्पासाहेबांनी एक इंग्रजी शब्द शिकवलाय, ‘सिव्हिल डेथ’. प्रेत नाही, दाखला नाही, तरी माणूस मेला असं धरून चालायचं. ज्यांना त्याची खबर लागायला हवी, त्या घरच्यांनी फक्त शपथेवर सांगायचं की सात वर्षांत काहीच कळलं नाही. मग कोर्ट हुकूम देतं आणि विमा, बँकेतली ठेव, सगळं मोकळं होतं. मधे कुणी पाहिलं, एखादा फोन आला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ऐकून मला हसू आलं. एका घरात राहत होतो तेव्हा तरी तुमची खबर मला कुठं लागत होती?

पैसा हवाय तो आईंसाठी. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा रिक्षानं डायलिसिसला नेते. माझं डोरलं गेलं, शिलाई मशीन गेलं. अर्जावर त्यांचाही अंगठा लागतो. कागद पुढं धरला तर म्हणाल्या, “मला जगवायला माझ्या लेकराला मारता व्हय? मी नाय अंगठा देत.” अजून दर रविवारी मला धपाटे करायला लावतात आणि तुमच्यासाठी दोन झाकून ठेवतात.

आता खरं लिहिते. तीन वर्षांपूर्वी तुमच्या कंपनीतले मजीदभाई तुम्हाला कन्नडच्या बाजारात भेटले. घरी सांगू नका म्हणून तुम्ही त्यांना हात जोडलेत. त्यांनी मला सांगितलं. मी कुणालाच नाही, आईंनासुद्धा नाही. टाकलेली बायको म्हणवून घेण्यापेक्षा हरवलेल्या माणसाची बायको म्हणवून घेणं मला सोपं गेलं. हे पाप माझं.

तुमचा ठिकाणा मजीदभाईंना ठाऊक आहे, हे पत्र तेच तुमच्या हातात देतील. सोमवारी अकरा वाजता कोर्टात मला शपथ घ्यायची आहे. त्याआधी या हो. माझ्याशी बोलू नका, घरात राहू नका, पण बँकेत सही करा आणि आईंना एकदा तोंड दाखवा. मी पाया पडते तुमच्या. नाही आलात, तर त्या झोपेत असताना मी त्यांचा अंगठा उमटवून घेईन आणि देवाला स्मरून खोटं सांगेन. मग मात्र कधीच येऊ नका. तुम्ही दारात उभे राहिलात तर आईंच्या देखत मला म्हणावं लागेल, या माणसाला मी ओळखत नाही.

सोमवारी अकरापर्यंत तुमचीच,
आशा